नवे बूट आणि पेटलेली वात

वात पेटली होती आणि माझा नवरा खाणीच्या तळाशी बसून बुटाची नाडी बांधत होता.

आम्ही सगळे वर होतो, डंपरच्या आडोशाला. मुकादम, मशिनवाले, खडी फोडणाऱ्या बायका, पाणी पाजणारी माझी सासू, सगळे. खाली तो एकटाच. आमच्याकडे पाठ करून एका दगडावर बसला होता, देवळाच्या पायरीवर बसावं तसा. त्याच्यापासून थोड्याच अंतरावर कातळाचा एक उंचवटा होता आणि त्याच्या पलीकडून सुरुंगाच्या वातीचा धूर निघत होता. तो त्याला दिसत नव्हता. आम्हाला वरून चांगला दिसत होता. एक बिडी ओढून व्हावी एवढा वेळ ती वात चालायची, आणि बिडी आता निम्मी झाली होती.

मी ओरडले, "अवो."

डंपरमागचे सगळे पुरुष माझ्याकडे वळले. ज्याने वळायला पाहिजे तो वळला नाही.

मी परत ओरडले. परत तेच. एका मशिनवाल्याने तर, काय झालं वहिनी, म्हणून विचारलं. मी बोटाने खाली दाखवलं, तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं.

हे असं का झालं ते कळायला आमची खाण सांगायला पाहिजे आणि आमची रीत सांगायला पाहिजे. दोन्ही सांगते.

माझा जन्म सायखेड्याचा. तिथली जमीन चांगली, पण आमची नव्हती. मी लहान असतानाच बापाने बिऱ्हाड उचललं आणि नाशिकच्या बाहेर दगडाच्या खाणीवर आणून टाकलं. काळा दगड. आधी टेकडी होती, मग टेकडी संपली आणि खड्डा झाला. त्या खड्ड्याच्या काठाने पत्र्याच्या आणि दगडाच्या खोल्या होत्या, तेच आमचं गाव. बाहेरचे लोक त्याला वस्ती म्हणायचे. आम्ही खाण म्हणायचो. कुठे राहता विचारलं की खाणीत राहतो म्हणायचो, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं आम्ही खड्ड्यातच झोपतो.

चौथी झाली आणि मला शाळेतून काढलं, कारण धाकटा भाऊ सांभाळायला कुणी नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मास्तर मारकुटे होते. भाऊ चालायला लागला तशी मी आईच्या शेजारी बसून खडी फोडायला लागले. रबराचं कडं असायचं. त्या कड्यात दगड धरायचा आणि वरून हातोडी मारायची, म्हणजे कपच्या डोळ्यात उडत नाहीत. नवीन पोरीची नखं काळी झाली की बाकीच्या बायका म्हणायच्या, लागली गं मेंदी. लग्नही त्याच खाणीत झालं. माहेर खड्ड्याच्या या काठाला, सासर त्या काठाला. भांडण झालं की मी रागाने माहेरी निघायची आणि निम्म्या वाटेत कामाची शिट्टी व्हायची.

नव्वदच्या पुढे नाशिक असं वाढायला लागलं की आम्हाला दम खायला वेळ मिळेना. जिकडे तिकडे इमारती आणि रस्ते. खाणीत क्रशर आला, हवेवर चालणारी भोकं पाडायची मशिनं आली, डंपर आले. हाताने खडी फोडायचं काम कमी झालं आणि क्रशरमध्ये घमेल्याने दगड टाकायचं काम वाढलं. धूळ एवढी उडायची की संध्याकाळी सगळ्या बायका एका वयाच्या दिसायच्या, म्हाताऱ्या. आंघोळ केली की ज्या तरण्या होत्या त्या परत तरण्या व्हायच्या. बाजाराला नाशकातल्या द्वारका चौकात गेलो आणि तिथे रस्ता खोदलेला असला की माझी शेजारीण वाकून खडी बघायची. आपला दगड आहे का बघते म्हणायची. सगळीच खडी तिला आपली वाटायची. एकदा रिक्षावाल्याने तिला विचारलं, मावशी काय हरवलंय का. ती म्हणाली, टेकडी.

आता रीत सांगते. आमच्यात बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. लग्नात उखाण्यात एकदा घ्यायचं, मग संपलं. हाक मारायची तर अवो म्हणायचं. घरात हे ठीक आहे. खाणीत जेवढ्या बायका तेवढे अवो. कुणीही बाई ओरडली की सगळे पुरुष मान वर करायचे आणि आपली नाही बघून परत कामाला लागायचे. काही दिवसांनी पुरुष शहाणे झाले. मान वर करायचंच त्यांनी सोडलं. बायको जवळ येऊन पाठीत ढोसणार, तेव्हा बघू, असं झालं होतं.

शेजारणीच्या नवऱ्याचं नाव एका वारावरून ठेवलेलं होतं. त्यामुळे ती तो वार पण बोलायची नाही. रविवारचा दुसरा दिवस म्हणायची. पोरींना डोस पाजायला दवाखान्यात नेलं की नर्सबाई बापाचं नाव विचारायची. मग शेजारणीच्या नवऱ्याचं नाव मी सांगायची आणि माझ्या नवऱ्याचं ती सांगायची. नर्सबाई एकदा म्हणाली, तुम्ही दोघी नेहमी जोडीनेच येता, बहिणी आहात का. मी म्हटलं, नाही बाई, नाव सांगायला येतो.

माझ्या घरात याच्यावर आणखी एक गाठ होती. माझ्या नवऱ्याचं नाव त्याच्या आजोबांचं. थोरल्या नातवाला आजोबाचं नाव द्यायचं ही एक रीत. सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही दुसरी रीत. म्हणजे माझ्या सासूने स्वतःच्या पोराला नावाने हाक मारायची सोय नव्हती. नाव ठेवणाऱ्या पुरुषांना हे कळलं नसेल असं नाही, पण त्यांना कुठे अडत होतं. सासू खुशीत असली की त्याला भाऊ म्हणायची आणि रागात असली की मुडद्या म्हणायची. ती खुशीत फार नसायची. खाणीत पण नावाने कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. मशिनवाले, डंपरवाले, घणवाले असंच चालायचं. नवरा दुसरीपर्यंत शाळेत गेला, तेव्हा मास्तरांनी हजेरीत नाव घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर ते नाव वापरात नव्हतं.

तो मशिनवर होता. कातळात भोकं पाडायची, मग त्यात दारू ठासून सुरुंग लावायचा. मशिनच्या आवाजाने कान जातात म्हणून तो दोन्ही कानात कापूस घालायचा. कान गेलेच होते निम्मे, पण कापूस घालायची सवय लागली होती. कधी कधी घरी पण काढायचा नाही. मला वाटतं माझ्या आणि सासूच्या बोलण्यापासून त्याला तेवढाच आराम.

सुरुंगाचा नियम साधा होता. दुपारच्या जेवणाआधी मुकादम पहिली शिट्टी मारायचा. हत्यारं टाकून सगळ्यांनी वर यायचं. रस्त्यावर एक माणूस लाल फडकं घेऊन उभा राहायचा. वात पेटवायचं काम एका म्हाताऱ्याकडे होतं, त्यांना आम्ही वातवाले मामा म्हणायचो. ते खाली नजर टाकायचे, कुणी नाही बघायचे, मग दुसरी शिट्टी व्हायची आणि ते वात पेटवून पलीकडच्या काठाने निघून जायचे. दुसऱ्या शिट्टीनंतर खाली पाय टाकायचा नाही. हे माझ्या नवऱ्याला कुणी शिकवायला नको होतं. तोच नव्या माणसांना शिकवायचा.

आता बूट. आमच्या थोरल्या पोरीला दुसऱ्या दिवशी बघायला येणार होते. मुलगा येवल्याचा. साध्या घरचा, पण पैठणीच्या हातमागावर बसणारा. माझ्या मावशीने सुचवलेलं स्थळ होतं. येवल्याहून एसटीने पाहुणे येणार म्हटल्यावर नवऱ्याने मनावर घेतलं. द्वारकेला गेला आणि नाडीचे काळे बूट घेऊन आला. मी म्हटलं चपला चालल्या असत्या. तो म्हणाला, "ती माणसं रेशमात वावरतात. मी काय टायरच्या चपला घालून बसू?" मी म्हटलं, ते विणतात रेशीम, नेसत नाहीत. पण ऐकू गेलं नसावं. कापूस होता.

बूट नवे असल्याने चावत होते. पाहुण्यांसमोर लंगडायला नको म्हणून ते पायात रुळवायला तो त्या दिवशी बूट घालूनच कामाला गेला. खाणीत बूट घातलेला मशिनवाला कुणी बघितला नव्हता. सकाळपासून त्याची टिंगल चालली होती. कुणी म्हणालं साहेब आले, खुर्ची टाका. कुणी म्हणालं नवरदेव कोण आहे नक्की. डंपरवाल्याने हॉर्न वाजवून सलाम केला. नवरा हसत होता आणि पाय उचलून सगळ्यांना दाखवत होता. मशिन चालू करायच्या वेळी धूळ बसू नये म्हणून त्याने ते काढून एका सपाट दगडावर शेजारी शेजारी ठेवले.

पहिली शिट्टी झाली तसा तो सगळ्यांबरोबर वर आला. अनवाणी. मी बघितलं, विचारणार होते, पण सासूने रांजणातलं पाणी ओतायला हाक मारली. तेवढ्यात त्याला बूट आठवले. सुरुंग उडाला की त्या दगडाचं पण पीठ होणार, बुटांचं काय घ्या. दुसरी शिट्टी अजून झाली नाही म्हणून तो बाजूच्या पायवाटेने भराभर खाली गेला. वातवाले मामांनी नजर टाकली तेव्हा तो त्या वाटेच्या वळणाआड असणार. तळ मोकळा होता. मामांचं काही चुकलं नाही. दुसरी शिट्टी झाली, वात पेटली, मामा पलीकडून गेले. आणि नवरा वळणातून बाहेर येऊन बुटांजवळ पोचला. शिट्टी त्याने ऐकली नव्हती. दगड उन्हाने तापलेला, पायाला चटके बसत होते, म्हणून बूट हातात घेऊन निघायच्या ऐवजी तो घालायला बसला. नाडीची त्याला सवय नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा बांधत होता.

असा तो खाली बसलेला आणि आम्ही वर.

सगळे ओरडायला लागले. ओ मशिनवाले, म्हणून पुरुष ओरडले. ओ भाऊ, म्हणून बायका ओरडल्या. मुकादम शिट्टी मारत सुटला. नवरा वळला नाही. त्याने फक्त बूट घातलेला पाय उचलून हवेत हलवला. टिंगल अजून चाललीच आहे असं त्याला वाटलं होतं. शिट्टी त्याला जराशी ऐकू आली, पण पहिलीच अजून चालू आहे असं वाटलं.

एक मशिनवाला पायवाटेकडे धावला. मुकादमाने त्याला कमरेला धरून मागे ओढलं. बरोबर केलं. वाट लांब होती, वात आखूड राहिली होती. एकाच्या जागी दोघे गेले असते. दुसऱ्याने दगड फेकला, तो निम्म्यातच पडला.

मी डंपरच्या पुढे गेले, अगदी काठावर, आणि नवऱ्याचं नाव घेतलं. पुरं घेतलं. शाळेच्या हजेरीत घेतात तसं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. घशात होता तेवढा सगळा आवाज काढून घेतलं.

सगळे खालचं सोडून माझ्याकडे बघायला लागले. शिट्टी पण थांबली. शेजारणीने तोंडाला पदर लावलेला मला अजून दिसतो.

आवाज त्याच्यापर्यंत पोचला. त्याने नाडी सोडली आणि मान वर केली. मला वाटलं, झालं काम. तर तो आमच्याकडे न बघता समोर बघायला लागला. मग उजवीकडे बघितलं. मग डावीकडे. तो शोधत होता. या नावाचा माणूस खाणीत कोण आहे, ते बघत होता.

तेवढ्यात माझ्या दंडाला कुणीतरी जोराचा चिमटा काढला. सासू. तिची नजर अधू झाली होती. ती मागे रांजणाजवळ बसली होती, आणि हा सगळा गोंधळ सकाळचीच टिंगल आहे असं तिला वाटलं होतं. पण नाव तिने नीट ऐकलं. एका दमात मी माझ्या नवऱ्याचं, तिच्या नवऱ्याचं आणि तिच्या सासऱ्याचं नाव घेतलं होतं. ती लाल झाली होती.

"लाज नाय वाटत का गं? माझ्या सासऱ्याचं नाव भर खाणीत घेतीस?"

मी बोलत बसले नाही. तिची हनुवटी धरली आणि तोंड खाली वळवलं. म्हटलं, "वात पेटलीय. पोरगा खाली हाय तुमचा."

तिला माणूस दिसला की नुसता धूर दिसला, मला माहीत नाही. पण तिने श्वास भरला. माझी सासू नुसत्या हाडांची होती, वजनाने शेळीएवढी. आवाज मात्र तिचा दगडातून आरपार जायचा. कापसाची काय कथा.

"मुडद्या! वर ये!"

तो उठला. विचार केला नाही, मागे बघितलं नाही, नुसता उठला आणि पळाला. एक बूट पायात, दुसरा तिथेच. लहानपणापासून त्या हाकेला उशीर केला की मार बसायचा, ते त्याच्या पायांना माहीत होतं. पळता पळता त्याला कातळापलीकडचा धूर दिसला असावा, कारण मधूनच तो आणखी जोरात पळायला लागला. पायवाटेच्या वळणापर्यंत पोचला, तिथे एक मोठा धोंडा होता, त्याच्या मागे गेला, आणि सुरुंग उडाला.

जमीन हलली. डंपरच्या पत्र्यावर खडे वाजले. मग धुळीचा लोट वर आला आणि काही दिसेना. शेजारचं माणूस दिसेना. मी काठाकडे निघाले तर मुकादमाने हात आडवा घातला. तो म्हणाला थांबा, अजून दगड घसरतात. मी थांबले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

सासू तेवढी थांबली नव्हती. ती त्या धुळीच्या भिंतीकडे तोंड करून शिव्या देत होती. मुडद्या, तुझ्या बुटाला आग लागो. मुडद्या, तुला जन्म दिला ते चुकलं. तुझ्या पोरीला उद्या बघायला येणार आणि तू मरायला निघालास, अक्कल कुठं गहाण ठेवलीस. एकीला दुसरी लागून. मधे श्वास घ्यायला पण थांबत नव्हती. माझं मनगट तिने घट्ट धरून ठेवलं होतं.

मग धुळीतून आवाज आला.

"आलो ना. किती बोलतीस."

पहिल्यांदा वातवाले मामा हसले, पलीकडच्या काठावर. मग सगळे. नवरा वर आला तेव्हा पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखा दिसत होता. पाठीला दोन ठिकाणी खरचटलं होतं आणि एका पायाचा तळवा कापला होता, अनवाणी होता त्या पायाचा. बाकी काही नाही. सासूने आधी त्याच्या थोबाडीत मारली, मग पाणी पाजलं. पाणी पिऊन त्याने मला विचारलं, "ते कुणाचं नाव घेत होतीस गं मघाशी?"

मी म्हटलं, "तुमचं."

त्याने तोंडावरची धूळ पुसली. मग म्हणाला, हां, बरोबर.

त्याचं नाव काय आहे ते त्या दिवशी निम्म्या खाणीला पहिल्यांदा कळलं. नंतर कितीतरी दिवस कुणीही त्याला पूर्ण नावाने हाक मारायचं, बापाच्या नावासकट, आणि तो मुद्दाम उजवीकडे डावीकडे बघायचा. लोक हसायचे. हे त्याला आवडायला लागलं होतं.

मुकादमाने त्याच दिवशी नवा नियम काढला. दुसऱ्या शिट्टीच्या आधी प्रत्येक बाईने आपला माणूस डोळ्याने बघायचा, आणि बघितला की हात वर करायचा. सगळे हात वर झाले की मगच वात. ज्यांचं लग्न झालं नव्हतं त्यांच्यासाठी कुणाचा हात वर होणार, असा प्रश्न आला. ते काम सासूने घेतलं. तिला धड दिसत नव्हतं, म्हणून ती प्रत्येकाला जवळ बोलावून तोंडावर हात फिरवून बघायची. पोरं वैतागायची, पण मुकाट्याने रांगेत उभी राहायची. तिच्यापुढे कुणाचं चालणार. पुढे साहेब लोक तपासणीला आले, तर हे काय चाललंय म्हणून त्यांनी विचारलं. मुकादम म्हणाला, सुरुंगाची तयारी.

घरी आल्यावर माझी सुटका नव्हती. सासू म्हणाली, नारळ आणून देवापुढे फोड आणि माझ्या सासऱ्याची माफी माग. मी म्हटलं, तुमचे सासरे कधीच गेले, त्यांना काय फरक पडतोय. ती म्हणाली, गेले म्हणून काय झालं, कान शाबूत हायेत त्यांचे. मग मी म्हटलं, मी नुसतं नाव घेतलं, तुम्ही तर त्यांचंच नाव ठेवलेल्या पोराला मुडद्या म्हणालात, आणि ते पण जास्त मोठ्याने. तिने पदराची गाठ सोडून स्वतःच पैसे काढले. नारळ आणला. दोघींनी मिळून फोडला. खोबऱ्याची चटणी केली, उद्याच्या पाहुण्यांना होईल म्हणून.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलगा, त्याची आई, एक मामा. नवरा टायरच्या चपला बाहेर काढून, तळव्याला फडकं बांधून बसला. पोहे झाले, चहा झाला, पोरीला दोन प्रश्न विचारून झाले. आम्ही ठरवलं होतं की कालचं काही बोलायचं नाही. पण शेजारीण साखर मागायच्या निमित्ताने आली आणि सगळं सांगून गेली, नाव घेतल्यापासून थोबाडीत मारल्यापर्यंत. मी खाली मान घालून बसले. सासू भिंतीकडे बघत होती. आता ही माणसं उठणार, असं मला वाटलं. ज्या घरात बायको नवऱ्याचं नाव काठावर उभी राहून ओरडते, तिथली पोरगी कोण करून घेईल.

मुलाची आई पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं रडते. हसत होती.

"आमच्याकडे सुना नाव घेत्यात," ती म्हणाली. "माग चालू असला की अवो कुणाला ऐकू जातंय? पहिल्यांदा मी पण लाजले. मग एकदा याचा बाप मागावर असताना चुलीवरचं दूध उतू गेलं, तेव्हापासून लाज सोडली."

मुलाचा मामा म्हणाला, दूध वाचवायला नाव घेतलंस होय. ती म्हणाली, माणूस कुठं जात नव्हता, दूध जात होतं.

सासू इतकी हसली की तिला ठसका लागला. लग्न ठरलं. पोरगी येवल्याला गेली आणि पहिल्या वर्षातच नवऱ्याला नावाने हाक मारायला लागली. माझ्या सासूने त्याला पण नावं ठेवायचं सोडलं नाही, पण पोरीच्या तोंडावर कधी बोलली नाही.

माझं म्हणाल तर मी परत नाव घेतलं नाही. गरज पडली नाही. खाणीत बायका मात्र बदलल्या. नवीन लग्न होऊन आलेल्या सुनांना मी सांगायची, घरात काय म्हणायचं ते म्हणा, खड्ड्याच्या काठावर नावाने हाक मारा. आणि नवऱ्यांना सांगायची, आपलं नाव काय आहे ते ध्यानात ठेवा. काहींनी ऐकलं. शेजारीण शेवटपर्यंत रविवारचा दुसरा दिवसच म्हणत राहिली.

दोन हजार सालानंतर खाण फार खोल गेली. पाणी लागलं. रोज उपसून काढायचं आणि रोज भरायचं. मग शहर पण जवळ आलं, सुरुंगाने काचा तडकतात म्हणून लोक तक्रारी करायला लागले. ज्या घरांना आमचा दगड लागला त्याच घरातली माणसं. एका पावसाळ्यात पाणी उपसलंच नाही, आणि काम बंद झालं. कुणी दुसऱ्या खाणीवर गेलं, कुणी गावाला. आम्ही द्वारकेच्या पलीकडे एक खोली घेतली. नवरा एका दुकानात माल उतरवायला जायला लागला. मी चार घरची भांडी केली. खाणीपेक्षा ते काम हलकं, पण त्या घरांमध्ये टिंगल करायला कुणी नव्हतं.

वातवाले मामा खाण बंद व्हायच्या आधीच म्हातारपणाने गेले. सासू खोलीत आल्यावर काही वर्षं राहिली आणि एका सकाळी चहा पिऊन झोपली ती उठली नाही. नवरा आहे. कान आता पूर्ण गेले, खोकला आहे, बाकी ठीक आहे. त्या सुरुंगाच्या वेळी खाणीच्या तळाशी तो एकटा होता, आणि तो वाचला.